नाडी कुठे बांधायची?

ऑपरेशन मंगळवारचं होतं. रविवारी संध्याकाळी सोलापुरातल्या एका घरी बॅग भरायला घेतली आणि पलंगावर कपड्यांचे दोन ढीग समोरासमोर आले. एका बाजूला मावशींनी आणलेले चार गाऊन. सुती, धुऊन धुऊन रंग विटलेले, मुठीत दाबले तर रुमालाएवढे होणारे. दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेल्या भाचीचं पार्सल: सॅटिनचे दोन नाइट सूट, एक पिस्ता आणि एक मोतिया, पिशवीतल्या पिशवीत एकमेकांवरून घसरणारे.

ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्या बाई मध्ये खुर्चीत बसल्या होत्या, डावा पाय लांब करून. तो दुमडला की कळ मांडीतून थेट पोटरीत उतरायची. वय ६३. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामध्ये नस दाबली गेली होती. ती मोकळी करून ते दोन मणके स्क्रू आणि सळईने जखडायचं ठरलं होतं. मावशी त्यांची थोरली बहीण, शिलाई मशीनवर चाळीस वर्षं काढलेली. भाची म्हणजे बाईंचीच लेक, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट.

“हे काय आणलंस? आईला हळदीला पाठवायचंय का?” मावशींनी पिस्ता रंगाची बाही दोन बोटांत धरून विचारलं.

“मावशी, ते दिसण्यासाठी नाही. घसरण्यासाठी आहे.”

“घसरण्यासाठी? बाईमाणूस पाठीचं ऑपरेशन करून येणार आणि तू तिला घसरायचे कपडे आणतेस?”

भाची म्हणाली, हो, मुद्दामच. पाठीच्या ऑपरेशननंतर माणूस रात्रभर एका अंगावर पडून राहत नाही. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते, लघवीला उठावं लागतं. अंगातलं कापड गादीला चिकटून बसलं तर प्रत्येक वेळी ते ओढून सोडवायला लागतं, आणि ती ओढाताण कमरेवर येते. सॅटिन चिकटत नाही.

मावशींचे सासरे मिलमध्ये होते. कापडाचं ज्ञान कुणी त्यांना शिकवायला गेलं की त्या चष्मा पुसायला घेतात. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “सॅटिन म्हणजे काही सूत नाही, वीण आहे. उभा धागा चार-चार आडव्या धाग्यांवरून मोकळा सोडायचा आणि मग एकाखाली घ्यायचा. म्हणून वरून गुळगुळीत लागतं. रेशमाचं सॅटिन असेल तर गोष्ट वेगळी. हे पॉलिएस्टर आहे. एप्रिलमध्ये सोलापुरात. बाहेर चाळीसच्या वर पारा, रात्री दोनला इन्व्हर्टर बंद पडला की पंखा थांबतो, आणि पाठीवर टाक्यांची पट्टी. घाम कुठे जाणार?”

भाचीला यावर लगेच उत्तर सुचलं नाही. घाम ही काही किरकोळ तक्रार नव्हे. जखमेवरची पट्टी साधारण दहा ते चौदा दिवस, म्हणजे टाके निघेपर्यंत, कोरडी ठेवायची असते. ओल धरून राहिली तर चिकटपट्टीच्या कडेने कातडी खाजते, लाल होते, पट्टी सुटते. पाठीवर झोपलेल्या माणसाला तिथे वारा लागत नाही आणि आपला हातही तिथे पोहोचत नाही. सूत निदान तो घाम टिपून तरी घेतं.

“म्हणूनच म्हणते,” मावशींनी गाऊन पुढे सरकवला, “तान्ह्या बाळाला आपण नवं कोरं कापड घालतो का? नाही. जुन्या धोतराचं, जुन्या पातळाचं झबलं शिवतो. नव्या कापडात खळ असते, शिवण टोचते. जिथे कातडी नाजूक तिथे जुनं सूत, हे आपल्याकडे कुणी सांगावं लागत नाही.”

बाळंतपणातलं शहाणपण थेट ऑर्थोपेडिक वॉर्डात नेणं एरवी हसण्यावारी गेलं असतं. पण झबल्याची गोष्ट मावशींना वाटत होती त्यापेक्षा खोल होती. झबलं मऊ असतं हे खरंच. त्याहून मोठं म्हणजे ते बाळाला न हलवता घालता येतं. हा मुद्दा त्या संध्याकाळी जरा उशिरा निघाला.

आधी नाडीवरून जुंपली.

भाचीने गाऊन नको म्हटल्यावर मावशींनी परकर आणि सैल ब्लाउज सुचवला होता. भाचीने त्यांचा हात धरला, त्यांच्याच कमरेवर ठेवला. “दोन्ही बाजूंची कमरेची हाडं लागतात का हाताला? त्यांची वरची टोकं जोडणारी आडवी रेघ पाठीवर ओढ. ती जिथे कणा ओलांडते तिथे चौथा मणका. भूल देणारे डॉक्टर हीच खूण धरून सुईची जागा शोधतात. आता सांग, परकराची नाडी कुठे बसते?”

मावशी काही बोलल्या नाहीत. हात मात्र तिथेच राहिला.

नाडी बरोबर तिथेच बसते. परकराची, सलवारची, लेंग्याची, आणि नाइट सूटच्या पायजम्याचं इलॅस्टिकही. पायजमा हा शब्द फारसीतून आला, पाय आणि जामा. तो आपल्याकडून साहेबाच्या घरी गेला आणि तिकडून नाडीऐवजी इलॅस्टिक लावून परत आला. कमरेवरची त्याची पकड काही सुटली नाही. या जागी वर्षानुवर्षं घासणाऱ्या नाडीचा इतिहास तर मुंबईत लिहिला गेलेला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली एका शोधनिबंधात घट्ट धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाची नोंद केली. पुढे नऊवारी-पाचवारीच्या संदर्भातही तशा नोंदी होत गेल्या. अगदी २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी परकर-लुगडं घट्ट बांधणाऱ्या दोन वृद्ध स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. हे आजार क्वचित होतात आणि त्यामागे कित्येक वर्षांचं घासणं असतं. दोन आठवड्यांच्या नाडीने असलं काही होणार नाही. पण धडधाकट कातडीला जी जागा सोसत नाही, तिथे ताजे टाके असताना गाठ मारायची का, हा प्रश्न उरतोच.

“मग तुझ्या पिस्ता पायजम्याला तरी काय आहे?” मावशींनी पायजमा उलटा केला. नेफ्यात दीड इंची इलॅस्टिक, आणि त्यावर मागच्या बाजूला, नेमकं मधोमध, मापाचं कडक लेबल शिवलेलं.

भाची हसली. “हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.”

“कात्री दे.”

लेबल गेलं. इलॅस्टिकचं काय करायचं यावर दोघींचं पटकन जमलं: नेफा खाली खुब्यांवर बसेल असा पायजमा दोन मापं मोठा घ्यायचा, नाहीतर नेफा बेंबीच्या वर न्यायचा, टाक्यांच्या रेषेवर काही नको. सगळ्यात सोपं म्हणजे कमरेला काही नसलेलं वस्त्र. म्हणजे गाऊन. मावशींनी विजयी मुद्रेने भाचीकडे पाहिलं.

“ठीक आहे,” भाची म्हणाली. “तूच घाल तो, आणि झोप इथे.”

सत्तर वर्षांच्या मावशी साडीवरच गाऊन चढवून पलंगावर आडव्या झाल्या. भाचीने सूचना दिल्या. गुडघे वाकव. हात छातीवर. आता खांदा, कंबर, गुडघे सगळं एकदम वळू दे, लाकडाचा ओंडका लोटल्यासारखं. मध्ये पीळ पडता कामा नये. मावशी वळल्या, गाऊन वळला नाही. पाठीखालचं कापड गादीला धरून राहिलं, पुढचं खांद्यावर ताणलं गेलं, आणि गुडघ्यांभोवती घेराची अशी गुंडाळी झाली की पाय खाली सोडायला जागाच राहिली नाही. मावशींनी सवयीने कंबर वर उचलली, एक झटका दिला आणि कापड मोकळं केलं.

“हेच!” भाची जवळजवळ ओरडली. “आत्ता जे केलंस ना, ते आईला कित्येक आठवडे करायचं नाही. वाकायचं नाही, उचलायचं नाही, पिळायचं नाही. रात्री चार वेळा उठली तर चार वेळा हा झटका.”

मावशी उठल्या, काही न बोलता साडीवरच पिस्ता पायजमा चढवला (त्या ध्यानाचं वर्णन न केलेलं बरं) आणि पुन्हा आडव्या झाल्या. या वेळी एका दमात वळल्या. पाय पलंगाखाली गेले, कोपर टेकलं, उठून बसल्या. आणि बसल्या-बसल्याच दोन बोटं पुढे सरकल्या. गादीवरची चादरही पॉलिएस्टरचीच होती. त्यांनी पलंगाची पाटी घट्ट धरली.

“आणि हे? रात्री अडीचला अशी सरकली तर धरायला कोण आहे? तू पुण्यात.”

त्या वाक्यात कपड्यांपलीकडचं बरंच काही होतं. भाचीने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, घसरणारा कपडा आणि घसरणारी चादर एकत्र कधीच वापरायची नाही, हे आम्हीही पेशंटला सांगतो. मावशी त्यावर गप्प बसल्या नाहीत. त्यांचं डोकं आता शिंपिणीचं झालं होतं. घसरायला कुठे पाहिजे? मधोमध, जिथे खांदे आणि खुबे असतात तिथे. पकड कुठे पाहिजे? कडेला, जिथे उठून बसायचं. मग माणसाला कशाला सॅटिन नेसवायचं? सुती चादरीच्या मध्यावर सॅटिनचा पट्टा जोडा, दोन्ही कडांना हातभर सूत तसंच ठेवा. माणूस सुतातच राहील.

भाची त्यांच्याकडे बघत राहिली. अशा चादरी परदेशात रुग्णांसाठी तयार मिळतात, मध्ये गुळगुळीत आणि कडा खरखरीत. मावशींनी ती दहा मिनिटांत, मोतिया रंगाचा नाइट सूट उसवून, डोक्यात शिवून टाकली होती. पांघरायला सोलापुरी चादर मात्र नको, एवढं भाचीने बजावलं. तिची ऊब आणि टिकाऊपणा सगळ्यांना मान्य, पण वजनदार, खरबरीत पांघरूण पायांत अडकलं की कूस बदलताना तेही बरोबर ओढावं लागतं. सोलापुरात असं बोलणं म्हणजे कोल्हापुरात तांबड्या रश्श्याला नावं ठेवण्यासारखंच आहे. बाईंनीही कपाळाला आठी घातली.

राहिला प्रश्न अंगात घालायचं काय, आणि कसं.

स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात हयात माणसांच्या कमरेतल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजायला सुरुवात केली. त्या मोजणीतून निघालेलं कोष्टक फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ असतं: उभं राहिल्यावरचा दाब १०० धरला, तर पाठीवर झोपल्यावर तो २५ वर येतो, बसल्यावर १४० होतो आणि बसून पुढे वाकलं की १८५. भाचीने हे आकडे सांगितले आणि विचारलं, पायजमा आपण कसा घालतो? पलंगाच्या कडेला बसून, पुढे वाकून. “म्हणजे या चारांतली सगळ्यात वाईट स्थिती. दिवसातून दोनदा.”

“मग डोक्यातून घालायचा गाऊन बरा की.”

“तो घालताना दोन्ही हात वर, आणि मागचा भाग खाली ओढायला पुन्हा अंग पिळायचं. ब्राचंही तेच. हूक मागे. याबद्दल कुठलीच बाई डॉक्टरला विचारत नाही आणि डॉक्टर आपणहून सांगत नाहीत.”

पायजमा घालायचाच झाला तर लांब चिमट्याने नेफा धरून पाय आत सोडता येतो. तशा काठ्या सर्जिकलच्या दुकानात मिळतात. पण वरच्या अंगाला समोरून पूर्ण उघडणारं वस्त्र हवं, म्हणजे पलंगावर पसरून ठेवायचं, माणसाने त्यावर ओंडक्यासारखं वळायचं आणि दोन्ही पदर पुढे ओढून घ्यायचे. इथे झबलं परत आलं. आणि झबल्यामागून मावशींच्या तोंडून ज्याचं नाव आलं ते सोलापूरकराला सुचावं असंच: बाराबंदी. दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर हजारो लोक पांढऱ्या बाराबंदीत चालतात. समोर पदरावर पदर, बंद बांधलेले, पाठ सलग आणि मोकळी, पाठीवर ना शिवण ना गाठ. दवाखान्याचा गाऊन बरोबर याच्या उलट असतो. तो मागून उघडतो, आणि त्याच्या गाठी कण्यावरच येतात. तपासणाऱ्याला पाठ दिसावी म्हणून ते सोयीचं आहे. त्यावर झोपणाऱ्याचा विचार त्यात नाही.

“बाराबंदीच शिवते हिला,” मावशी म्हणाल्या. “गुडघ्याखाली चार बोटं येईल अशी. पायघोळ नाही, म्हणजे पायात येणार नाही.”

“बारा बंद नकोत. वरून पट्टा लागणार आहे.”

हा पट्टा म्हणजे कमरेला आधार देणारा, मागे पट्ट्या घातलेला रुंद बेल्ट. तो रात्रीही घालायचा की फक्त उठताना, हे प्रत्येक सर्जन आपल्या पद्धतीने सांगतो. पण तो उघड्या अंगावर घालत नाहीत. खाली पातळ सुती कपडा लागतो, आणि त्या कपड्याला पट्ट्याखाली चुणी, गाठ किंवा बटण असेल तर ती तासाभरात कातडीत रुतते. मावशींनी हिशेब केला: दोन बंद छातीशी, एक पट्ट्याच्या खाली मांडीशी, मधली वीतभर जागा सपाट. गाठीऐवजी व्हेल्क्रो लावावं असं भाचीचं म्हणणं. मावशींनी ते निकालात काढलं. दोन धुण्यांत त्यात दोरे अडकतात, आणि मध्यरात्री उघडताना जो आवाज होतो त्याने शेजारची खोली जागी होते. टिचबटणांवर तडजोड झाली.

रंगावर झाली नाही. मावशींना गडद हवा होता, डाग पडला तरी दिसू नये म्हणून. भाचीला पांढरा, डाग पडला तर लगेच दिसावा म्हणून. जखमेतून पाणी किंवा रक्त झिरपायला लागलं की ते पहिल्यांदा कपड्यावर उमटतं, आणि ते त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर जायला हवं. इथे भाचीचं म्हणणं चुकीचं नाही, शंभर टक्के बरोबर आहे. तरी मावशींनी दोनांतली एक बाराबंदी जांभळ्या ठिपक्यांचीच शिवली. पाहुणे येतात, त्या म्हणाल्या.

मध्येच शेजारचे काका डोकावून गेले. त्यांचं असंच ऑपरेशन मागच्या वर्षी झालं होतं. “मी सगळे दिवस लुंगी. नाडी नाही, इलॅस्टिक नाही, एकदम मोकळं.” दोघींनीही हे मान्य केलं असतं, पण मागून काकूंचा आवाज आला, की तिसऱ्या रात्री लुंगी सुटून पायात आली आणि हे भिंत धरून वाचले, ते पण सांगा. काका चहा न घेताच गेले.

मंगळवारी ऑपरेशन झालं, पुढच्या सोमवारी बाई घरी आल्या. मधोमध गुळगुळीत असलेली चादर, पांढरी बाराबंदी, खाली काही नाही. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांची. भाचीने रजा वाढवून घेतली होती, मावशी मुक्कामालाच होत्या, आणि दोघी आळीपाळीने रात्री जागत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाईंनी, जणू वर्गात हात वर करून, पहिल्यांदा तोंड उघडलं.

“कपडे छान आहेत. कूसही जमते. पण माझा चष्मा कुठे ठेवायचा? मोबाइल? रात्री उठले की चष्मा उशीपाशी चाचपायचा म्हणजे हात मागे न्यायचा. तुमची एवढी भांडणं झाली, खिसा कुणालाच सुचला नाही.”

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग अर्थातच नवा वाद. मावशी म्हणाल्या, उजव्या बाजूला, हाताशी. भाची म्हणाली, आई उजव्या कुशीवर वळून उठते, न्हाणीघर तिकडे आहे. मोबाइल अंगाखाली येईल. मग डावीकडे. डावीकडे पट्ट्याची चिकटपट्टी येते. मांडीवर? तिथवर वाकावं लागेल.

“छातीवर लाव की,” बाई म्हणाल्या. “पहिलीतल्या पोरांच्या सदऱ्याला असतो तसा.”

छातीवर, पट्ट्याच्या वर, कुठल्याच कुशीखाली न येणारा. मावशींनी दोरा ओवला, मोबाइल कापडावर ठेवून खडूने रेघ मारली, आणि मान वर न करता विचारलं, “रुमालपण पिनेने अडकवून देऊ का?”

“मला हसवू नका गं,” बाई दोन्ही हातांनी पट्टा दाबत म्हणाल्या, “टाके दुखतात.”